क्षमेच्या पोटी भय



या व्याख्यानमालेच्या चालकांनी देवाच्या उपकारांची जाणीव हा विषय मला नेमून दिला, तेव्हा त्या जाणिवेला देवाच्या भयाची जोड देण्याची मुभा मी मागितली आणि ती त्यांनी उदारपणे दिली, याबद्दल प्रारंभीच मी त्यांचे आभार मानतो. ही मुभा मागण्याचे कारण असे की, आपल्या मंडळ्यांमध्ये उपकारस्तुती अलीकडे मोठ्या उत्साहाने होते. वाढदिवसाला होते, परीक्षेच्या निकालानंतर होते, नव्या घरात पाऊल टाकताना होते, आणि ती व्हावीच. परंतु ज्याची स्तुती करावयाची त्याच्या पवित्रतेपुढे मनुष्याने थबकावे, तोंड उघडण्यापूर्वी आपण कोणापुढे उभे आहोत याची त्याला जाणीव व्हावी, ही वृत्ती मात्र उपासनेतून हळूहळू ओसरत चालली आहे. देवाचे भय म्हटले की तरुण मंडळींना ते जुनाट वाटते. प्रेमस्वरूप पिता आम्हांला कळला असताना भयाचे प्रयोजन काय, असे ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर देणे हे आम्हां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. माझे उत्तर थोडक्यात असे की, उपकाराची जाणीव खरी असेल तर भय तिच्या पोटीच जन्म घेते, आणि ज्या भयाच्या पोटी उपकारस्तुती नाही ते भय ख्रिस्ती नव्हे. हे उत्तर माझ्या बुद्धीतून निघालेले नाही. ते शास्त्रात आहे, आणि आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासात ते जगलेली माणसे होऊन गेली आहेत.

स्तोत्रसंहितेतील 130 वे स्तोत्र हे यात्रेकरूंच्या पंधरा आरोहणस्तोत्रांपैकी एक आहे. अगदी लहान. शोकाच्या खोल डोहातून आरोळी मारणारा स्तोत्रकर्ता आधी हे कबूल करतो की, परमेश्वराने अपराधांची नोंद ठेवण्याचे ठरविले तर त्याच्यापुढे एकही मनुष्य उभा राहू शकणार नाही. आणि त्यानंतर तो क्षमेकडे वळतो व त्या क्षमेचा परिणाम म्हणून भयाचे नाव घेतो. हा क्रम वाचताना पुष्कळांची जीभ अडखळते, कारण व्यवहारात आपण याच्या उलट पाहतो. फौजदाराचे भय वाटते ते त्याच्या हातात बेडी असते म्हणून. त्याने गुन्हा माफ केल्याचे कळताच भय तत्क्षणी मावळते. मग स्तोत्रकर्त्याला क्षमेतून भय कसे सुचले?

शिक्षेला मोजमाप असते. अपराध इतका, दंड इतका. दंड भरला की मनुष्य मोकळा झाला, न्यायाधीशाशी त्याचे काही देणेघेणे उरत नाही. क्षमेचे तसे नाही. ज्याने क्षमा केली त्याला अपराध मुळापासून ठाऊक होता, कदाचित अपराध्याला स्वतःला होता त्याहून अधिक ठाऊक होता. आणि सर्व ठाऊक असून त्याने हात पुढे केला, हे ज्याला एकदा कळले तो त्या हातापासून कधीच मोकळा होत नाही. यापुढे त्याला भय वाटते ते दंडाचे नाही. इतक्या मोठ्या चांगुलपणाला आपल्या हातून पुन्हा जखम होऊ नये, त्याला आपण हलके लेखू नये, त्याची सवय होऊन जाऊ नये, हे ते भय आहे; आणि असे भय भ्याड मनुष्याच्या अंतःकरणात उत्पन्न होऊच शकत नाही, कारण भ्याड मनुष्य नेहमी स्वतःचाच विचार करीत असतो.

लूकाच्या पाचव्या अध्यायात गनेसरत सरोवरावरची जी हकीकत आहे तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. रात्रभर जाळी टाकून हाती काही लागले नाही, सकाळी किनाऱ्यावर जाळी धुण्याचे कंटाळवाणे काम चालू आहे, आणि एक सुताराचा मुलगा कसबी कोळ्यांना सांगतो की खोल पाण्यात पुन्हा जाळी टाका. पुढे काय झाले ते आपण जाणतो. जाळी फाटू लागली, दुसऱ्या मचव्याला खुणावून बोलवावे लागले, आणि दोन्ही मचवे बुडण्याच्या बेतास आले. येथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे. आपल्या कोकणपट्टीवरच्या एखाद्या कोळ्याच्या नशिबी असा दिवस आला तर तो घरी जाऊन काय करील, याची कल्पना करणे कठीण नाही. पेत्र मात्र त्या मासळीच्या ढिगात येशूच्या पायांवर कोसळतो आणि आपण पापी आहोत, प्रभूने आपल्यापासून दूर व्हावे, अशी विनवणी करतो. त्याला कोणी रागावले नव्हते. त्याच्या पापाचा विषयही कोणी काढला नव्हता. केवळ भरलेल्या जाळ्याने त्याला आपल्या अपात्रतेची जाणीव करून दिली. धाकदपटशाने जे काम वर्षानुवर्षे होत नाही ते देवाच्या औदार्याने त्या एका सकाळी केले, आणि प्रभूचे त्यावरचे पहिले शब्द होते ते भय काढून टाकणारे व काम सोपविणारे. मचवे किनाऱ्याला लागले, आणि ज्या मासळीसाठी एवढा जीव टाकला ती तेथेच सोडून हे लोक त्याच्या मागे निघाले. दान इतके मोठे होते की दात्यापुढे त्याची किंमत उरली नाही.

पण पेत्राला हे एका सकाळी कळले. आपल्यापैकी बहुतेकांचा मार्ग याकोबासारखा लांबचा असतो, म्हणून त्याच्याजवळ मला अधिक वेळ थांबावयाचे आहे.

भावाला फसवून, आंधळ्या बापाला फसवून, जीव मुठीत धरून पळालेला याकोब एका रात्री धोंडा उशाला घेऊन उघड्यावर निजतो आणि स्वप्नात त्याला ती शिडी दिसते. त्या स्वप्नात परमेश्वर त्याला कोणतीही अट न घालता अभिवचने देतो: ही भूमी, ही संतती, आणि तू जाशील तेथे माझी संगत. जागा झाल्यावर याकोब भयभीत होतो. ते स्थान देवाचे घर, म्हणजे बेथेल, आहे असे त्याला जाणवते. म्हणजे भय आहे. तेथे धोंड्याचा स्तंभही उभारला जातो, त्यावर तेलही ओतले जाते. परंतु लगेच पुढे तो जो नवस करतो तो पाहा. देव माझ्याबरोबर राहिला, वाटेत त्याने मला राखले, खायला भाकर आणि ल्यायला वस्त्र दिले, बापाच्या घरी सुखरूप परत नेले, तर तो माझा देव, आणि मग मिळकतीचा दहावा भाग त्याचा. जे विनाअट मिळाले होते तेच तो अटी घालून पुन्हा मागतो! बक्षीसपत्र हाती पडले असताना हा गृहस्थ करारनामा लिहावयास बसला आहे. उपकाराची जाणीव नसलेले भय मनुष्याला हेच करावयास लावते. ते देवाशी बोली करू लागते, कारण देव चांगला आहे यावर त्याचा भरवसा बसलेला नसतो.

हा याकोब आपल्या घराघरांतून आजही वावरतो. आजार बरा झाला तर इतके अर्पण, बदली रद्द झाली तर मंडळीला इतक्या खुर्च्यांचे दान, मुलीचे लग्न जमले तर उपकारस्तुतीची सभा. अशा गोष्टी भाबडेपणाने होतात, त्या करणाऱ्यांच्या अंतःकरणातील व्याकुळता मी जाणतो, आणि देवही तिचा अव्हेर करीत नाही, जसा त्याने बेथेल येथे याकोबाचा केला नाही. तथापि जो मनुष्य जन्मभर या एकाच पायरीवर उभा राहिला त्याला देवाची देणगी कधी मिळालीच नाही असे म्हणावे लागेल. त्याला जे मिळाले ते त्याच्या लेखी मोबदला होता.

वीस वर्षांनंतरचा याकोब निराळा आहे. या वीस वर्षांत ज्याने बापाला व भावाला फसविले त्याला मामाने फसविले, लाबानाने दहा वेळा त्याची मजुरी बदलली, दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने त्याचा जीव काढला. आता तो परत निघाला आहे आणि बातमी येते की एसाव चारशे माणसे घेऊन समोरून येत आहे. याकोब घाबरून आपली माणसे व गुरेढोरे दोन टोळ्यांत विभागतो. हेतू एवढाच की एकीवर घाला पडला तर दुसरी निसटावी. आणि मग तो प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत अट नाही. तू जी दया आणि जी सत्यता आपल्या दासाला दाखविलीस तिच्यातल्या लहानात लहान अंशालाही मी पात्र नाही, अशा अर्थाची त्याची कबुली आहे. आणि तिला जोडून तो यार्देनेची आठवण काढतो, की ती ओलांडली तेव्हा हातात केवळ एक काठी होती आणि आज माझ्या दोन टोळ्या झाल्या आहेत. ज्या दोन टोळ्या त्याने क्षणापूर्वी केवळ भीतीपोटी केल्या होत्या, त्याच टोळ्यांकडे प्रार्थनेत पाहताना त्याला देवाचे उपकार दिसतात. परिस्थिती तीच आहे, एसावही तितक्याच वेगाने येत आहे, अंगाला कंप आहे. पण नजर बदलली आहे. त्याची अपात्रतेची कबुली लाचारीची नाही, कारण पाठोपाठ तो देवाला त्याच्याच अभिवचनाची आठवण देऊन बचावासाठी हक्काने मागतो. आदर, कृतज्ञता आणि लेकराचे धारिष्ट, तिन्ही एकाच श्वासात. बेथेलचे भय नाहीसे झाले नव्हते. वीस वर्षांच्या उपकारांनी ते परिपक्व झाले होते.

मोशेच्या नियमशास्त्राने हीच काठी पुढे प्रत्येक इस्राएली शेतकऱ्याच्या हातात दिली, हे अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात दिसते. भूमीचा प्रथमउपज टोपलीत घालून याजकापुढे आणावयाचा, आणि टोपली वेदीपुढे ठेवल्यावर मुक्याने परतावयाचे नाही, तर सर्वांदेखत सांगावयाचे: माझा पूर्वज भटका अरामी होता, मूठभर माणसांनिशी मिसरात गेला, तेथे आम्हांला छळले, आम्ही आक्रोश केला, परमेश्वराने ऐकले, बाहेर काढले, ही भूमी दिली, आणि आता तू दिलेल्या भूमीचा हा उपज मी आणला आहे. ज्याच्या सात पिढ्या त्याच शिवारात नांदल्या, ज्याच्या घरी वतनाचे कागद आहेत, त्यानेही हेच म्हणावयाचे. धान्याच्या राशीपुढे उभे राहून मनुष्याने आपली वणवण आठवावी, ही या विधीची योजना आहे. कारण मनुष्य आपली वणवण विसरला की मिळकत त्याला स्वकष्टार्जित वाटू लागते. या निवेदनानंतर दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, परमेश्वरापुढे दंडवत घालणे. दुसरी, मिळालेल्या सर्व चांगल्या वस्तूंबद्दल लेव्यासह आणि आपल्यामध्ये राहणाऱ्या उपऱ्यासह आनंद करणे. दंडवत आणि पंगत यांची अशी एकत्र सांगड घातलेली असल्यामुळे एकीला वगळून दुसरी करता येत नाही.

अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या लहानशा मंदिरात सुगीच्या उपासनेला मी एकदा हजर होतो. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर जोंधळ्याची कणसे, लाल भोपळे, अंड्यांची परडी, पाय बांधलेली एक कोंबडी, कोणाच्या परसातल्या दोन पपया, असे नेहमीचे अर्पण मांडले होते. उपासनेनंतर त्याचा लिलाव होऊन रक्कम मंडळीच्या खाती जमा व्हावयाची होती. शेवटी एक वृद्ध बाई पुढे आल्या आणि पदराच्या ओच्यातून आणलेली बाजरी त्यांनी एका ताटात ओतली. ती त्यांच्या शेतातली नव्हती, शेत त्यांना नव्हतेच. मजुरीत मिळालेली बाजरी होती. परत फिरण्याऐवजी त्या तेथेच उभ्या राहिल्या, पाळकांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “माझ्या सासऱ्याला या गावच्या आडावर चढू देत नव्हते. माझा नातू त्याच गावात मास्तर आहे. म्हणून आणलंय.” एवढे बोलून त्या खाली वाकल्या, डोके जमिनीला टेकविले आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. अनुवादाचा सव्विसावा अध्याय त्यांना तोंडपाठ होता की नाही, मी विचारले नाही; विचारण्याची गरजच नव्हती.

पूर्वजांची वणवण आठवून उपजाची टोपली पुढे करणे या कृतीचे सर्वांत थोर उदाहरण आपल्या मराठी मंडळीत पंडिता रमाबाईंचे आहे. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण अक्षरशः भटके होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीला न जुमानता पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने मुलीला. हे विद्वान कुटुंब पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे हिंडत राहिले, आणि दुष्काळात आईबाप व थोरली बहीण अन्नावाचून काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देश तुडवीत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचले, तेथील पंडितांनी रमाबाईंचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. पण पुढच्या चार वर्षांत बंधू गेले, पतीही गेले, आणि तान्ह्या मुलीसह ही विधवा एकाकी झाली.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील धर्मभगिनींकडे राहिल्या, आणि त्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आपले काम पाहावयास धाडले. तेथे त्यांनी जे पाहिले ते त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले आहे. ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकले अशा स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. आपल्या धर्मग्रंथांचा एवढा अभ्यास झालेल्या या पंडितेने अशा स्त्रियांविषयी कनवाळूपणा कोठेच पाहिला नव्हता. हे करण्याची प्रेरणा तुम्हांला कोठून मिळते असे विचारताच एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखविली. विहिरीच्या काठावर पाणी मागणारा तो प्रभू, आणि भर दुपारी एकटीच पाणी भरावयास आलेली ती स्त्री. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

तरीही त्यांच्या मते ख्रिस्ताशी त्यांची खरी ओळख पुढे झाली. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांनी आपल्या त्या पहिल्या आठ वर्षांचा निकाल दिला आहे. शास्त्राचे ज्ञान होते, उपासना होती, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले होते, विधवांच्या शिक्षणाचे काम जोमाने चालू होते. आणि एवढे सर्व असताना तारण ही सर्वस्वी देवाची देणगी आहे, ती आपल्या कोणत्याही कर्तबगारीची बक्षिसी नाही, हे अंतःकरणाला उमगले नव्हते. जन्मभर व्रते, उपास, यात्रा यांच्या पुण्याचा हिशेब पाहिलेल्या बाईला हिशेबाबाहेरची कृपा कळावयास आठ वर्षे लागावीत यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते ती कळल्यानंतर त्यांच्या हातून जे घडले त्याचे.

1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून बातम्या येऊ लागल्या, तेव्हा रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली आणि पुण्यात स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तेथे गेल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या, दलालांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुली पाहिल्या, आणि शेकडो मुली व विधवा घेऊन परतल्या. त्यांची सोय केडगावच्या जमिनीवर झाली, तेच मुक्तिसदन. आणि काही काळातच तेथे कृपासदन निघाले, ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्या स्त्रियांसाठी. फुलहॅममध्ये दिसलेली दया सोळा वर्षांनी केडगावात उभी राहिली. देवाचा चांगुलपणा मिळालेला मनुष्य त्याची परतफेड देवाला करू शकत नाही, देवाला काय उणे आहे? तो त्या दयेचा रोख, ती जिकडे वाहत होती तिकडे, पुढे चालू ठेवतो.

रमाबाईंच्या ठायी आदर कोठे दिसतो, असे कोणी विचारील, तर मी त्यांच्या बायबलकडे बोट दाखवीन. संस्कृतावर असे प्रभुत्व असलेल्या या पंडितेने उतारवयात इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. आणि ते अशा साध्या मराठीत केले की मुक्तिसदनातील अडाणी मुलीलाही ते समजावे. जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या पुष्कळशा तेथल्याच स्त्रिया होत्या, म्हणजे ज्यांना दुष्काळातून आणले त्याच. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या आणि ते बायबल 1924 मध्ये छापून निघाले. आपले पांडित्य बाजूला सारून एका पवित्र वस्तूची एवढी वर्षे हळुवारपणे हाताळणी करणे, हे आदराचे रूप मला कित्येक लांबलचक प्रार्थनांपेक्षा वंदनीय वाटते.

नारायण वामन टिळकांविषयी या व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ बोलले गेले असल्याने मी एकच मुद्दा नोंदवितो. तुकोबांच्या सेतूवरून मी ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, असे ते मोकळेपणाने सांगत. ज्याला देवाच्या उपकाराची खरी जाणीव आहे तो मधल्या माणसांचे ऋण नाकारीत नाही. ज्या अभंगांनी आपल्या अंतःकरणाची मशागत केली त्यांचे आभार मानण्यात ख्रिस्ताच्या मोठेपणाला उणेपणा येतो असे त्यांना कधी वाटले नाही, आणि 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून देवाच्या दरबारात रिकाम्या हातांनी उभे राहण्याचे धैर्यही त्यांना याच मोकळेपणातून आले असावे.

आता दुःखाविषयी बोलणे भाग आहे, कारण कृतज्ञतेवर बोलणारा मनुष्य सुखात असतो असा ऐकणाऱ्याचा समज होतो, आणि त्याचा राग येणेही स्वाभाविक आहे. आयलेनबुर्ग नावाच्या जर्मन गावी मार्टिन रिंकार्ट हे पाळक होते. तीस वर्षांचे युद्ध चालू होते, तटबंदीमुळे आसपासचे निराश्रित त्या गावात कोंडले होते, आणि 1637 मध्ये तेथे प्लेगाची साथ पसरली. मरण पावलेल्या अगर निघून गेलेल्या सहकाऱ्यांच्या मागे हा एकटा पाळक उरला. त्या वर्षी त्याने चार हजारांहून अधिक लोकांचे अंत्यविधी केले, त्यांत त्याची पत्नीही होती. जगभरच्या मंडळ्यांत आज जे उपकारस्तुतीचे गीत गाइले जाते ते याच मनुष्याचे. मोठ्या समारंभासाठी ते त्याने लिहिले नव्हते. जेवणाच्या मेजावरची लहानशी प्रार्थना म्हणून ते त्याच्या पुस्तकात आहे. दररोज ताटापुढे आभार मानण्याची सवय ज्या घरात होती, त्या घराला ते शब्द प्लेगाच्या दिवसांत नव्याने शोधावे लागले नाहीत.

यावरून कोणी असा हुकूम काढू नये की दुःखी माणसाने लगेच आभार मानावेत. नुकत्याच मूल गेलेल्या आईजवळ जाऊन सर्व गोष्टींत उपकारस्तुती करा असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या त्या धार्मिकतेत मला देवाचे भय दिसले नाही. देवाचे भय असते तर ते त्या आईच्या आसवांपुढे गप्प बसले असते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत, आणि 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. पवित्र आत्म्याने ते तसेच संपू दिले. आभार हे वसूल करावयाचे येणे नव्हे. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्री भाकर हाती घेऊन त्याने स्वतः आभार मानले, हे पौल मुद्दाम सांगतो. परंतु त्याच रात्री बागेत त्याला मरणप्राय खेद झाला हेही शुभवर्तमान लपवीत नाही. आभार आणि खेद यांना एकाच रात्री जागा मिळाली.

त्या रात्रीच्या मेजावरून शेवटचा विषय निघतो, आणि तो मला टाळता येत नाही. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनाला जमे तेव्हा श्रीमंत आपापले जेवण आधी उरकून घेत आणि मजुरी करून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना अतिशय कडक शब्दांत बजावले, आणि अयोग्य प्रकारे त्या भाकरीचे सेवन करणारा प्रभूच्या शरीराविषयी दोषी होतो असा इशारा दिला. आपण या इशाऱ्याचा अर्थ बहुधा खासगी लावतो. मेजाजवळ जाण्यापूर्वी आपल्या मनातल्या पापांची उजळणी करतो, आणि ती करणे योग्यच. परंतु पौल ज्या बेअदबीवर संतापला होता ती ताटातल्या अन्नाविषयीची होती, ज्यांच्याजवळ काही नाही अशा भावांना लाजविण्याविषयीची होती. आपल्याकडे येशूच्या एका भाकरीचे वाटेकरी होऊनही, सोयरीक जुळविताना मूळची जात हळूच विचारणारी घरे आहेत, पुष्कळ आहेत. ज्या दयेने सर्वांना एकाच दारातून आत घेतले तिच्या अंगणात आपण आपापल्या जुन्या भिंती पुन्हा बांधल्या, आणि त्या भिंतींच्या आत बसून उपकारस्तुतीची गीते गाइली. हे मी कठोरपणे बोलत असेन, पण ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले त्या आपण मंडळींनी तरी हे करावयाचे नव्हते.

म्हणून येथे उपस्थित असलेल्या पाळकांपुढे आणि पंचांपुढे मी एक दरखास्त ठेवतो. येत्या सुगीच्या उपासनेत अर्पणाचा लिलाव सुरू करण्यापूर्वी अर्धा तास राखून ठेवावा, आणि जो आपली टोपली पुढे आणील त्याला आपल्या घराण्याची वणवण दोन-चार वाक्यांत सांगू द्यावी. ज्याला बोलता येणार नाही त्याच्या वतीने त्याच्या नातवाने सांगावी. मुले पहिल्या बाकांवर बसवावीत, कारण आपण कोठून आलो हे त्यांना आता कोणी सांगत नाही. लिलावाच्या रकमेतून एक वाटा मंडळीच्या इमारत-निधीत न घालता बाजूला काढावा. ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे आपल्या नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसपास कोप्यांमध्ये राहतात, त्यांची लेकरे दिवसभर फडात असतात. मोशेने ज्या उपऱ्याला टोपलीच्या आनंदात सामील करून घ्यावयास सांगितले तो आपल्या शिवारात दरसाल असा येतो आणि जातो. त्या दिवशीची पंगत त्यांच्या कोप्यांपाशीच मांडावी, आणि तेथे बसण्यापूर्वी पाळकांनी दंडवत घालून आभार मानावेत.